स्लॅब अजून उभा आहे

शिरूर अनंतपाळ
३ मार्च २०२५

चि. हरिओम यास अनेक आशीर्वाद.

तू विसरला असशील, म्हणून आधी ओळख सांगते. मी चतुराबाई. तुझ्या बापाची आई. बुटकी, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेली, उजव्या कानानं ऐकू न येणारी. लहानपणी तू जिच्या पदराला नाक पुसायचास, ती. आता आठवलं असेल तर पुढं वाच. नसेल तर हे पत्र शेजारच्याला दे, तो तरी उत्तर देईल.

पत्र जया लिहून राहिली. पलीकडच्या घरची सून, अंगणवाडीत हाय. मी बोलते तसंच लिही म्हणलं तर मधेमधे माझं बोलणं सुधारती. मला वाचता येत न्हाई, पण सुधारलेलं कळतं. तेवढ्यापुरतं ती हसायचं थांबती.

फोन का केला न्हाई म्हणशील. फोनवर तू ‘ठीक आहे’ एवढंच बोलतोस. पत्रात तेवढंच लिहिलंस तर बाकी कागद कोरा दिसेल आणि तुझी तुलाच लाज वाटेल.

आता कामाचं. आपला बजरंग भाजीची गाडी घेऊन नांदेडला येतो ते तुला मालूम हाय. परवा परत आला तर मोबाइलवर त्यानं एक व्हिडिओ दाखवला. एक गोदाम जळून राहिलंय, आणि दारातून तू आणि तुझी माणसं पळत बाहेर येऊन राहिलात. तू सगळ्यांच्या पुढं. मला बरं वाटलं. शाळेच्या शर्यतीत तू कायम मागं असायचास.

बजरंग म्हणला, आज्जी, हसू नको, लोक नावं ठेवून राहिलेत. बंबवाले आत गेले, भिऊन पळून आले, गोदाम जळून गेलं आणि वरचा स्लॅब काही पडला न्हाई. मी म्हणलं, पडला न्हाई ते चांगलंच झालं की. तो म्हणला, तसं नसतंय.

तुझी आई दोन दिवस झाले जेवताना बोलत न्हाई. एरवी ती तेवढ्याच वेळी बोलती, म्हणून मला फिकर. तू तिथला मुख्य. काय झालं ते लिही. खोटं लिहिलंस तरी चालेल, पण लांब लिही.

तुझी आज्जी
चतुराबाई (अंगठा)

(आजींनी शाई जास्त लावली. पुसू नको म्हणाल्या, अंगठा खरा वाटला पाहिजे. — जया)


नांदेड
१० मार्च २०२५

तीर्थस्वरूप आज्जीस साष्टांग नमस्कार.

पत्र मिळाले. फेब्रुवारीच्या अखेरीस दुपारी एका गोदामास आग लागल्याची वर्दी आमच्या केंद्रास मिळाली. पथक तात्काळ रवाना झाले. गोदामात तूरडाळीचे कट्टे व रिकाम्या पोत्यांचा बारदाना होता. पथक आतून पाणी मारत असताना छताची स्थिती धोकादायक वाटल्याने मी पथकास माघारी बोलावले व बाहेरून पाणी मारून आग शेजारच्या दुकानांपर्यंत पोहोचू दिली नाही. जीवितहानी नाही. मालाचे नुकसान झाले. चौकशी सुरू आहे. चिंतेचे कारण नाही.

आईस सांगावे की मी ठीक आहे. डोळ्यात औषध वेळेवर घालावे.

आपला नम्र
हरिओम


शिरूर अनंतपाळ
१७ मार्च २०२५

चि. हरिओम,

तुझ्या साहेबाचं पत्र मिळालं. अक्षर चांगलं हाय म्हणावं. आता तूही एक लिही.

जयानं ते दोनदा वाचून दाखवलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं, ती पेपर वाचून राहिली. ‘माघारी बोलावले’ म्हणे. व्हिडिओत तर तू सगळ्यांच्या पुढं होतास. बोलावणारा पुढं असतो का मागं, हे मी बजरंगला विचारलं. तो म्हणला, आज्जी, तू चहा घे.

आणि धोकादायक वाटल्याने. कशानं वाटलं? दिसलं, वास आला, का कुणी कानात सांगितलं? माणूस उगाच पळत न्हाई. तू तर जेवायला बोलावलं तरी पळत यायचा न्हाईस.

इकडं तेच चालू हाय. स्लॅबचं घर होऊन आठ वर्षं झाली, तरी मी बाहेर पत्र्याखाली बाज टाकून झोपते. तुझी आई म्हणती, लोक म्हणतील सुनेनं सासूला बाहेर काढलं. मी म्हणते, लोकांना सांग, सासूनं सुनेला आत कोंडलं. तेव्हापासून ती मला वाढती, बोलत न्हाई. तुझ्या व्हिडिओची त्यात भर.

नोकरी जाणार हाय का? एवढं आधी सांग. गेली तर म्हशीकडं माणूस लागतोच.

चतुराबाई (अंगठा)


नांदेड
२५ मार्च २०२५

आज्जी,

नोकरी जात नाही. म्हशीकडं दुसरा बघ. पण केंद्राचा प्रमुख म्हणून मला ठेवायचं, की काढून साध्या ड्यूटीवर टाकायचं, हे चौकशीवर आहे. मी विनाकारण पळालो असं ठरलं तर काढतील. काढावंच लागेल. उद्या माझ्या शब्दावर कोण आगीत जाईल?

तू विचारलंस, कशानं वाटलं. ऐकलं.

पाण्याचा पाइप घेऊन मी आणि रेवणप्पा पुढं होतो. रेवणप्पा माझा सगळ्यात जुना फायरमन, निलंग्याकडचा. मागं दोघं. धुरात हाताचा पंजा दिसत नव्हता. तेवढ्यात वरून माती गळाल्याचा आवाज आला. तुला कसला ते सांगायला नको. आधी चिमूटभर, मग मूठभर, मग थांबतच नाही. भूकंपानंतर आपल्या घराच्या मातीच्या माळवदाखाली तो आला की तू मला उचलून अंगणात न्यायचीस.

मी तो ऐकला आणि पाय निघाले. ‘बाहेर’ असं मी ओरडलो, ते खरं आहे. पण ओरडलो तेव्हा मी दारात पोचलो होतो. चौकशीत हे अजून कुणी पकडलं नाही, तू मोबाइलवर पकडलंस. रेवणप्पा म्हणतो, त्यानं माझी ऑर्डर ऐकलीच नाही. त्यानंही माती ऐकली. हातातला पाइप टाकून आला. पाइप जळाला.

दुसऱ्या दिवशी आत गेलो. स्लॅब काळा झालेला, बाकी जशाचा तसा. सिमेंटच्या स्लॅबमधून माती कुठून गळणार, आज्जी? मधे पत्र्याची भिंत होती. तिच्यापलीकडं वरपर्यंत रचलेले कट्टे फाटून डाळ पत्र्यावर ओघळत होती. आम्ही चौघं डाळीला भिऊन पळालो.

केंद्रात येऊन मी मूठभर डाळ पत्र्याच्या तुकड्यावर हळूहळू सोडून पाहिली. सगळे चहा पीत होते. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. एकजण उठून दारात गेला आणि मग का उठलो म्हणून परत येऊन बसला. सगळी आपल्याकडचीच पोरं, माळवदाखाली वाढलेली. फक्त नवा ड्रायव्हर हलला नाही. तो रत्नागिरीचा आहे. त्यानं विचारलं, आज खिचडी करायची का?

गोदामाचे मालक अमृतराव रोज त्या स्लॅबखाली खुर्ची टाकून चहा पितात. येणाऱ्याला वर बोट दाखवतात.

आता अडचण अशी की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मला जबाब द्यायचा आहे. एका वरिष्ठांनी सुचवलं, ‘स्लॅबला तडा दिसला’ असं लिही. तेवढ्या धुरात तडा नव्हता असं कोण म्हणणार? तडा लिहिला तर सुटतो. डाळ लिहिली तर प्रमुखपद जातं, आणि निवृत्त होईपर्यंत लोक मला डाळ म्हणतील.

पण खरी भीती ती नाही. पुढच्या आगीत तो आवाज पुन्हा आला तर? पळालो तर कदाचित डाळ असेल. लाजेनं थांबलो तर कदाचित माती असेल, आणि माझ्या लाजेपायी माझी माणसं आत थांबतील. घरी वर्षाराणीला सांगितलं तर ती म्हणते, रजा घ्या. इथं दुसऱ्या कुणाला विचारण्यासारखं नाही, म्हणून तुला विचारतो.

तुझा
हरिओम


शिरूर अनंतपाळ
३१ मार्च २०२५

चि. हरिओम,

हे पत्र तुझं. वाचताना जया दोनदा पाणी प्यायला उठली. तुझ्या आईला निम्मंच सांगितलं. ती म्हणली, किती डाळ जळली? बायकोचं ऐक, पण रजा घेऊ नको. घरी बसलास की ती तुला डाळ निवडायला लावील.

जबाबात काय लिहायचं ते मला विचारू नको. मला लिहिता येत न्हाई.

पळायचं मात्र मला थोडं मालूम हाय. भूकंपानंतर दोन वर्षं आपण त्या माळवदाखालून पळतच होतो. वर मांजर चालली की पळालो. उंदरानं बीळ उकरलं की पळालो. एकदा तुझे आजोबा मिरच्या वाळत घालायला वर चढले. माती गळाली, मी तुला काखोटीला मारलं, सासूला दंडाला धरलं, सगळे अंगणात. वरून आजोबा विचारतात, कुठं निघालात? मी म्हणलं, कुठं न्हाई, तुम्हाला बघायला आलो.

ते माळवद काही पडलं न्हाई. शेवटी स्लॅबचं घर बांधायला काढलं तेव्हा पहारीनं पाडलं. पाडताना तरी पडावं का न्हाई? गडी घामानं बेजार झाले. एवढं मजबूत होतं ते, आणि त्याच्या भीतीनं आम्ही निम्मं आयुष्य अंगणात उभं राहून काढलं. पण गल्लीत आम्हाला कुणी हसलं न्हाई. हसायला आत कुणी राहिलंच नव्हतं. सगळी गल्ली बाहेर. तुझ्या वेळी एकजण आधीपासूनच बाहेर उभा होता, मोबाइल धरून. फरक तेवढाच दिसतोय मला.

थांबायचं कधी, ते मात्र मला मालूम न्हाई. मी कधी थांबलेच न्हाई. माझं काम सगळ्यांना घेऊन बाहेर यायचं. तुझं काम बाहेरून आत जायचं. एवढा उलटा धंदा आपल्या घरात कुणी केला न्हाई, म्हणून त्यात माझं डोकं चालत न्हाई. तुला राग आला तर येऊ दे.

त्या अमृतरावाचा स्लॅब एकदा बघावा म्हणते. लई नाव ऐकलं.

चतुराबाई (अंगठा)


नांदेड
१० एप्रिल २०२५

आज्जी,

तू येऊन गेलीस हे मला अमृतरावांकडून कळलं. केंद्र तिथून हाकेच्या अंतरावर आहे. घर पाच मिनिटांवर आहे. ऐंशीच्या वयात बजरंगच्या गाडीत बसून नांदेडला यायचं, परक्याकडं चहा प्यायचा आणि परत जायचं, याला काय म्हणावं ते तूच सांग.

अमृतराव स्वतः केंद्रात आले. मला वाटलं, भांडायला आले. खुर्चीत बसले, घाम पुसला आणि सांगायला लागले.

‘एक म्हातारी आली. मी म्हणालो, या माय, आत बसा, चहा घ्या. ती म्हणाली, तुम्ही बसा, मी इथंच बरी. ती उन्हात, मी सावलीत. ती बोलायची माझ्याशी पण बघायची वर. मी विचारलं, काय बघता माय? ती म्हणाली, काही न्हाई, तुम्ही प्या, गार होईल. मुलंबाळं किती म्हणून विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, मोठी झाली असतील, बरं झालं.’

त्यानंतर त्यांनी खुर्ची दाराजवळ घेतली म्हणे. मग बाहेर. आता तीन दिवस झाले, ते रस्त्यावर बसून चहा पितात. मला विचारत होते, स्लॅब इंजिनिअरला दाखवावा का. मी म्हणालो, दाखवा.

गेल्या आठवड्यात जबाब दिला. डाळ लिहिली. चौकशीला आलेले मोठे साहेब नागपूरकडचे आहेत. माळवद म्हणजे काय, तुळया, वर लाकडी पट्ट्यांचं किलचन, वर माती, हे सगळं कागदावर काढून दाखवावं लागलं. मग त्यांनी विचारलं, ‘स्लॅबमध्ये माती नसते हे तुम्हाला माहीत होतं?’

‘होय साहेब.’

‘मग पळालात का?’

‘आठवायच्या आधी पळालो.’

‘आधी ऑर्डर दिली की आधी पळालात?’

‘आधी पळालो.’

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, पुढच्या वेळी काय करणार? मी सांगितलं, पाइप मी धरणार नाही. मी दारात थांबणार. पाइप धरणाऱ्याला स्वतःचे पाय सांभाळता येत नाहीत, तो इतरांचे काय सांभाळणार? आणि आत माणूस पाठवायच्या आधी विचारणार, वर काय आहे. पोरांनाही तेच शिकवतोय. आवाज कसलाही येऊ दे, माझ्याकडं बघायचं, पाय मी सांगेन तेव्हा उचलायचे.

साहेबांनी हे लिहून घेतलं की नाही, दिसलं नाही. निकाल यायचा आहे.

तुझा
हरिओम


शिरूर अनंतपाळ
१८ एप्रिल २०२५

चि. हरिओम,

मी अमृतरावाला काही बोलले न्हाई. माणूस चांगला हाय. चहात साखर जास्त टाकतो. तुझ्याकडं आले असते तर तू मला जेवू घालून स्लॅबखाली झोपवलं असतंस, म्हणून आले न्हाई.

तू खरं लिहिलंस ते जयाला लई आवडलं. मला त्याचं काही वाटलं न्हाई. तुला खोटं कधी जमलं न्हाई, पहिलं पत्र मी ऐकलंच हाय.

पण मुख्य माणसानं दारात उभं राहायचं आणि दुसऱ्यांची लेकरं आत पाठवायची, हे मला पटलं न्हाई. हे मी गावात कुणाला सांगणार न्हाई. विचारलं तर सांगेन, हरिओम अजून सगळ्यांच्या पुढं असतो.

चतुराबाई (अंगठा)


नांदेड
६ मे २०२५

आज्जी,

गेल्या आठवड्यात जुन्या वस्तीतल्या एका घराला आग लागली. शेगडीपासून. घर माळवदाचं.

आत नागाबाई नावाच्या आजी होत्या. वर्षभर अंथरुणावर. त्यांची सून रस्त्यावर उभी राहून हाका मारत होती. मी दारात थांबलो. ठरवलं होतं तसं आधी सुनेला विचारलं, वर काय आहे? ती माझ्याकडं बघत म्हणाली, ‘माती. आणखी काय असणार?’

रेवणप्पा आणि एकजण आत गेले. मला दारातून ते दिसत होते. तू म्हणालीस, पटलं नाही. मलाही तिथं उभं राहिल्यावर पटेना. हातात पाइप नसला की हातांचं काय करायचं ते कळत नाही.

मग गळायला लागली. आधी चिमूटभर. या वेळी डाळ नव्हती, विचारून घेतलं होतं. रेवणप्पानं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. तो पळाला नाही, आज्जी. शिकवलं होतं तसं माझ्याकडं बघत थांबला. म्हातारीचे खांदे त्यानं उचलले होते, दुसऱ्यानं पाय अजून धरले नव्हते.

नियमानं मी ‘बाहेर’ म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, ‘घेऊन ये.’

मी चौकट धरून उभा होतो. धरली नसती तर कुठल्या दिशेला गेलो असतो, सांगता येत नाही. मूठभर झाली. ते तिला उचलून माझ्या अंगावरून बाहेर गेले. मग मी निघालो. नागाबाई दवाखान्यात आहेत, बोलतात. सुनेला पहिला प्रश्न त्यांनी विचारला, गॅस बंद केला का?

माळवद पडलं नाही. अजून उभं आहे.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. याचाही व्हिडिओ निघाला, बजरंगनं दाखवला असेल. चौकशीचा निकाल आला. ताकीद देऊन प्रमुखपद माझ्याकडंच ठेवलं. कागदावरची तारीख या आगीनंतरची आहे. शनिवारी सत्कार झाला. शाल आणि नारळ.

मला एवढं कळत नाही. छत दोन्ही वेळी पडलं नाही. पहिल्या वेळी मी सगळ्यांना बाहेर आणलं, त्याची चौकशी झाली. दुसऱ्या वेळी माती खरी होती आणि मी दोन माणसं तिच्याखाली थांबवली, त्याचा सत्कार झाला. पडलं असतं तर रेवणप्पाच्या बायकोसमोर मी कोणत्या तोंडानं गेलो असतो? यातलं बरोबर कोणतं होतं?

सत्काराच्या वेळी रेवणप्पा शेजारी उभा होता. खाली उतरल्यावर म्हणाला, ‘साहेब, पुढच्या वेळी जरा लवकर ठरवा.’ मी बरं म्हणालो. लवकर काय ठरवायचं ते त्यानं सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

तुझा
हरिओम


शिरूर अनंतपाळ
१४ मे २०२५

चि. हरिओम,

माती गळायला लागली तिथं जया वाचायची थांबली. मी म्हणलं, पुढं वाच, पत्र त्यानंच लिहिलंय म्हणजे तो हाय.

तू विचारलंस, बरोबर कोणतं. मी घरात विचारून बघितलं. बजरंग म्हणला, दुसरं. तुझी आई म्हणली, पहिलं, आणि उठून भांडी घासायला गेली. जया म्हणली, आजी, मी नुसती लिहिणारी. नागाबाईला विचारशील तर ती दुसरं म्हणेल. रेवणप्पाच्या बायकोला विचारशील तर पहिलं. दोघींनी आपापल्या जागी बरोबरच सांगितलं असं मी धरेन. पण माती गळून राहिली असताना दोघींना बोलावून विचारायला वेळ नसतो. म्हणून तुला तिथं उभं केलंय आणि त्याचा पगार देतात. याच्यापुढं मला काही सुचलं न्हाई. चार दिवस विचार केला, म्हणून पत्राला उशीर.

दारात उभं राहायचं मी न्हाई म्हणले होते. ते आता तसं म्हणत न्हाई. आत जाणाऱ्यानं मान वळवली तर बघायला कुणीतरी पाहिजे.

रेवणप्पाचं ऐक. तो नुसतं लवकर म्हणला, कारण कोणतं ते त्यालाही मालूम न्हाई. तुम्हा दोघांना मालूम न्हाई, हे दोघांना मालूम हाय, तेवढ्यावर काम चालेल. शाल त्याला दे. मे महिन्यात शाल पांघरवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं.

चतुराबाई (अंगठा)

ता. क. दुसऱ्या वेळचा नारळ तुला मिळाला. पहिल्या वेळी सगळे धडधाकट बाहेर आले, त्याचा नारळ कुणी फोडलाच न्हाई. ते राहून गेलं. एक चांगला नारळ घे, कानाशी हलवून पाणी हाय का बघ, आणि केंद्रात सगळ्यांसमोर फोड. पहिला तुकडा रेवणप्पाला दे. रत्नागिरीच्या पोरालाही दे, तो पळाला नसता पण त्यात त्याचा दोष न्हाई. अमृतरावाला नेऊन दे, बाहेरच बसला असेल. आणि एक वाटी माझ्यासाठी बजरंगच्या गाडीत पाठव. किसून पाठवू नको, उन्हानं आंबतं. अख्खी वाटी, ओल्या फडक्यात गुंडाळून. गूळ घरचा हाय.